'नाइस' म्हणजे मूर्ख?

'नाइस' या इंग्रजी विशेषणाबद्दल एक गोष्ट हल्ली फार सांगितली जाते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'अडाणी', तेव्हा कुणी तुम्हाला नाइस म्हटलं तर हुरळून जाऊ नका, तो खरं तर तुम्हाला मूर्ख म्हणतोय. यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा साफ चूक आहे, आणि तो का चूक आहे ते मला नीट सांगायचंय. मी जुन्या इंग्रजी मजकुराचे मराठी अनुवाद करते. पत्रं, रोजनिशा, प्रवासवर्णनं, मधूनच एखादं कायद्याचं टिपण. या कामात चार इंग्रजी अक्षरांचा हा शब्द जितका वेळ खातो तितका भलेभले अवघड शब्द खात नाहीत. अवघड शब्द आला की माणूस सावध होतो, कोश काढतो. नाइस आला की कोश कुणी काढत नाही. 'छान' लिहून पुढे जातो आणि तिथेच घात होतो.

आधी मुळाकडे जाऊ. लॅटिनमध्ये 'स्कीरे' म्हणजे जाणणं. त्याला नकाराचा 'ने' लागला की 'नेस्किउस', न जाणणारा. हा 'ने' आणि संस्कृतातला 'न' हे मुळात एकच. स्कीरेपासूनच सायन्स हा शब्द आला, कॉन्शन्सही आला. म्हणजे नाइस आणि सायन्स एकाच कुळातले: एक जाणण्यातून निघाला, दुसरा न जाणण्यातून. स्कीरेच्याही मागे गेलं तर कापणं, वेगळं करणं असा अर्थ असावा असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि आपले 'छेद', 'छिन्न' हे शब्द त्याच गोतावळ्यातले धरतात. एका गोष्टीतून दुसरी वेगळी काढता येणं म्हणजे जाणणं. हा कापण्याचा, वेगळं काढण्याचा मुद्दा लक्षात असू द्या, तो पुढे लागणार आहे.

नेस्किउस फ्रेंचांच्या तोंडी झिजत झिजत 'नीस' झाला. अर्थ खुळा, बावळट. स्पॅनिशमध्ये याच लॅटिन शब्दाचं 'नेसिओ' झालं आणि त्याचा अर्थ आजही मूर्ख असाच आहे. तिथे शब्द मुळाला धरून राहिला. इंग्लंडमध्ये मात्र फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांच्या राजवटीनंतर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा आला त्यातून हा इंग्रजीत शिरला आणि साधारण 1300च्या आसपास लिखाणात दिसू लागला. आपली ज्ञानेश्वरी 1290ची. त्या काळच्या मराठीतले किती शब्द आज त्याच अर्थानं उरलेत हे ज्ञानेश्वरी टीपांशिवाय वाचायला घेतली की पहिल्याच पानावर कळतं. इंग्रजीचंही तसंच झालं, आणि नाइसच्या बाबतीत जरा जास्तच झालं.

उच्चारही तेव्हा 'नाइस' नव्हता, 'नीस'च्या जवळचा होता. पंधराव्या शतकापासून पुढे इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागून एक सरकले. त्यात 'ई'चा 'आय' झाला, म्हणून आइस, वाइज, नाइस हे सगळे आजच्या उच्चाराला येऊन पोहोचले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर याच स्पेलिंगचं शहर आहे, नीस, पण त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही. ते नाव ग्रीक विजयदेवता 'निके'वरून आलंय.

आता ज्या उताऱ्यामुळे मी या शब्दाच्या प्रेमात पडले तो सांगते. चौदाव्या शतकातला कवी चॉसर, 1380च्या दशकातलं त्याचं दीर्घकाव्य 'ट्रॉयलस अँड क्रिसेड'. दुसऱ्या सर्गाच्या सुरुवातीला तो वाचकाशी बोलतो. ट्रॉयच्या काळातल्या प्रेमिकांची गोष्ट सांगायची आहे, ते लोक आपल्यासारखं बोलत नसणार, तेव्हा वाचकाला ते चमत्कारिक वाटेल अशी त्याला काळजी आहे. म्हणून तो म्हणतो, आणि हा माझा ढोबळ अनुवाद: तुम्हाला ठाऊकच आहे की हजार वर्षांत बोलण्याचं रूप पालटतं, ज्या शब्दांना तेव्हा मोल होतं ते आज आपल्याला फार खुळे आणि विचित्र वाटतात, पण ते लोक तसंच बोलत होते, आणि प्रेमात त्यांचंही आपल्याइतकंच बरं चाललं होतं.

यात मी जिथे 'खुळे' लिहिलंय तिथे चॉसरचा शब्द आहे 'नीस'. म्हणजे आपलाच शब्द, जुन्या स्पेलिंगमध्ये. शब्दांचे अर्थ बदलतात हे सांगणाऱ्या ओळीतच तो शब्द बसलाय, आणि आजचा इंग्रजी वाचक ती ओळ वाचताना नेमका त्याच शब्दाशी अडखळतो. जुने शब्द आपल्याला 'नाइस आणि विचित्र' वाटतात? हे कसं काय? चॉसरनं ही करामत ठरवून केलेली नाही, त्याच्यासाठी त्या शब्दाचा अर्थ स्वच्छ होता. पुढच्या सहाशे वर्षांनी ती करून दाखवली. त्यानं हजार वर्षांची मुदत दिली होती, ती पुरी व्हायच्या खूप आधी.

मूर्ख या अर्थापासून छान या अर्थापर्यंत शब्द गेला तरी कसा? याचं सरळ उत्तर देणाऱ्या याद्या ठिकठिकाणी मिळतात: अमुक शतकात अमुक अर्थ, तमुक शतकात तमुक. त्या याद्या पूर्ण खोट्या नाहीत, पण फार गुळगुळीत असतात. प्रत्यक्षात चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत हा शब्द चारी दिशांना पसरला. खुळा, म्हणून थिल्लर, छचोर. थिल्लर, म्हणून भपकेबाज कपड्यांचा. दुसऱ्या बाजूनं खुळा, म्हणून बुजरा. बुजरा, म्हणून आढेवेढे घेणारा, नखरे करणारा. नखरे करणारा माणूस खाण्यापिण्यात, कपड्यालत्त्यात चटकन समाधानी होत नाही, म्हणजे चोखंदळ. आणि चोखंदळ माणसाची नजर बारीक असते. इथून पुढे शब्दाचा सूर पालटला. जे नाव ठेवणं होतं ते हळूहळू कौतुकाकडे झुकलं. हे सगळे अर्थ एकाच वेळी बाजारात होते. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या कित्येक उदाहरणांत लेखकाला नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणं कठीण आहे, असं ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानंही नोंदवून ठेवलंय. एवढ्या मोठ्या कोशानं हात टेकले म्हटल्यावर मला माझ्या अडखळण्याचं फार वाटत नाही.

नाव ठेवणारा शब्द कौतुकाचा व्हावा यात इंग्रजीचं काही खास नाही. संस्कृत धर्मशास्त्रात 'साहस' हा गुन्ह्याचा प्रकार होता: बळजबरी, लूट, हिंसा. आज आपण मुलांना साहसकथा वाचायला देतो. म्हणून गिर्यारोहकाला साहसी म्हणणारा माणूस त्याला दरोडेखोर म्हणतोय असं कुणी म्हणेल का? 'नाइस म्हणजे मूर्ख' हा दावा अगदी याच जातीचा आहे. तो दावा करणाऱ्यांना मला एवढंच विचारावंसं वाटतं, की नेस्किउसपाशीच का थांबलात? त्याच्यामागे कापणं आहे, तिथपर्यंत जा. मग नाइस माणूस म्हणजे ज्याला कापता येत नाही तो. मूळ शोधत मागे जाताना जिथे मजेदार अर्थ सापडतो तिथे थांबायचं आणि त्याला 'खरा अर्थ' म्हणायचं, ही हौस झाली, अभ्यास नव्हे.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत या पसरलेल्या अर्थांना आणखी एक फाटा फुटला होता: बारीक, म्हणून किरकोळ. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या पाचव्या अंकात फ्रायर लॉरेन्सनं मँटुआला रोमिओकडे पत्र पाठवलेलं असतं. ज्युलिएट मेलेली नाही, औषधानं झोपलेली आहे, हे त्या पत्रात आहे. पत्र घेऊन गेलेला फ्रायर जॉन साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो आणि पत्र तसंच परत येतं. त्यावर लॉरेन्स हादरून म्हणतो, 'द लेटर वॉज नॉट नाइस.' पत्र चांगलं नव्हतं? तसा अनुवाद केला तर प्रसंगाचा जीवच जातो. तो म्हणतोय, पत्र साधंसुधं नव्हतं, क्षुल्लक नव्हतं, भरलेलं होतं, ते न पोहोचल्यानं अनर्थ होईल. सगळी शोकांतिका ज्या चुकलेल्या निरोपावर उभी आहे त्याचं वजन त्या एका 'नॉट नाइस'मध्ये आहे. इथे मी 'ते पत्र काही उगाच लिहिलेलं नव्हतं' असं करीन. 'क्षुल्लक' हा शब्द कोशात बरोबर असेल, पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडी तो शोभत नाही.

त्याच शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्ये राजा फ्रेंच राजकन्येला म्हणतो की नाइस चालीरीती थोर राजांपुढे मान तुकवतात. इथे नाइस म्हणजे सोवळ्या, फार काटेकोर. लग्नाआधी चुंबन घ्यायची आमच्यात रीत नाही, असं ती सांगत असते, त्यावरचं हे उत्तर. एकच लेखक, एकच शब्द, दोन नाटकं, आणि दोन्हीकडे 'छान' चालत नाही.

यानंतर जो अर्थ पक्का झाला तो मला सगळ्यांत जवळचा: सूक्ष्म, अचूक, बारीक फरक ओळखणारा. नाइस डिस्टिंक्शन म्हणजे बारीक भेद. नाइस जजमेंट म्हणजे तोलून मापून काढलेला निष्कर्ष. नाइस इअर म्हणजे सुरातला किंचितसा फरक टिपणारा कान. आता कापण्याचा तो मुद्दा आठवा. ज्याला एका गोष्टीतून दुसरी वेगळी काढता येत नाही त्याला नेस्किउस म्हणत. त्याच शब्दाचा नातू अशा माणसाला लावू लागले ज्याला इतरांना न दिसणारा फरक वेगळा काढता येतो. शब्द स्वतःच्या बरोबर विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहिला. आणि हे कुणी मुळाकडे बघून केलेलं नाही. सॅम्युअल जॉन्सननं 1755च्या आपल्या कोशात नाइसचा पहिला अर्थ देताना अगदी बारकाव्यापर्यंत अचूक निवाडा करणारा, प्रसंगी गरजेपेक्षा जास्तच काटेकोर, असं लिहिलं. व्युत्पत्ती मात्र त्यानं जुन्या सॅक्सनमधल्या 'मऊ' अर्थाच्या शब्दाशी जोडली. व्युत्पत्ती चुकली, अर्थ अचूक. त्या काळचे लोक हा शब्द रोज बोलत होते, आणि कोशकारालाही माहीत नसलेलं मूळ त्यांच्या वापराच्या आड कुठे येत नव्हतं.

हा जुना अर्थ आज 'नाइसेटी' या नामात जपलेला दिसतो. नाइसेटीज म्हणजे बारकावे, किंवा औपचारिक शिष्टाचार. मराठीत 'मृग' शब्दाचं असंच झालंय. मृग म्हणजे मुळात कोणतंही जनावर. पुढे तो शब्द हरणापुरता उरला. पण सिंहाला आपण अजून मृगेंद्र म्हणतो, माकडाला शाखामृग. जुना अर्थ मूळ शब्दातून उठून गेला तरी जोडशब्दांत राहून गेला.

सूक्ष्म या अर्थाला लागूनच आणखी एक छटा आहे, आणि अनुवादात सर्वांत जास्त फसवते ती हीच: जिथे तोल केसाएवढ्या फरकानं इकडचा तिकडे जाऊ शकला असता अशी परिस्थिती. 18 जून 1815ला वॉटर्लूची लढाई झाली. दुसऱ्या दिवशी ब्रसेल्समध्ये थॉमस क्रीवी नावाचा इंग्रज राजकारणी नेपोलियनला हरवणाऱ्या ब्रिटिश सेनापतीला, ड्यूक ऑफ वेलिंग्टनला, भेटला. त्यांचं जे बोलणं झालं ते क्रीवीनं लिहून ठेवलंय. वेलिंग्टन म्हणाला की फार गंभीर प्रकरण होतं, ब्ल्यूशरनं (हा त्याच्या बाजूनं लढलेला प्रशियन सेनापती) आणि मी तीस हजार माणसं गमावली. आणि मग म्हणाला की ही 'डॅम्ड नाइस थिंग' होती, इतकी निसटती गोष्ट तुम्ही आयुष्यात पाहिली नसेल.

तीस हजार माणसं गमावल्याचं सांगून कुणी त्या दिवसाला छान म्हणणार नाही, हे कुणालाही कळतं. पण ते वाक्य एकटं काढून दाखवलं तर नाही कळत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीला मी फक्त तेवढंच वाक्य दिलं, आधीचं झाकून. तिनं लिहिलं, 'फारच मस्त झालं ते.' आधीचं वाक्य उघडलं तशी ती खुर्चीत ताठ बसली आणि स्वतःचं स्वतःच खोडलं. मग बराच वेळ आमची चर्चा चालली. 'नाजूक' घ्यावं का? 'नाजूक परिस्थिती' मराठीत छान बसतं, पण लढाईवरून नुकत्या परतलेल्या सेनापतीच्या तोंडी ते फार मऊ वाटतं. 'अटीतटीची' तिला आवडला. मला अडचण अशी होती की अटीतटीत दोन्ही बाजूंचा जोर दिसतो, निसटतेपणा दिसत नाही. शेवटी तिनं लिहिलं, 'जीव मुठीत धरायला लावणारं होतं सगळं, थोडक्यात वाचलो.' विशेषण गेलं, वाक्य मोडलं, पण वेलिंग्टन बोलला. मी ते तसंच ठेवायला सांगितलं.

'छान' हा अर्थ अठराव्या शतकात पसरायला लागला आणि शतक संपेपर्यंत इतका सर्रास झाला की लोकांना त्याचा वैताग येऊ लागला. या वैतागाची सर्वांत प्रसिद्ध नोंद जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी'त आहे. कॅथरिन एका कादंबरीला 'नाइस' म्हणते आणि हेन्री टिलनी तिला धरतो. दिवस नाइस आहे, आपण नाइस फेरफटका मारतोय, तुम्ही दोघी फार नाइस मुली आहात, काय नाइस शब्द आहे हा, कशालाही चालतो! मग तो सांगतो की मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, औचित्य, नजाकत यांच्यापुरता असावा. आता मात्र कशाचंही कौतुक करायचं तर हा एकच शब्द.

हा उतारा भाषेच्या शुद्धतेविषयी बोलताना नेहमी पुढे केला जातो. पण नीट वाचा: हेन्रीचं 'मुळात' मुळापर्यंत पोहोचतच नाही. नीटनेटकेपणा हा या शब्दाचा मधला अर्थ. चॉसरला विचारलं असतं तर त्यानं हेन्रीलाच धरलं असतं. प्रत्येक पिढीतल्या चोखंदळ माणसाला आपल्या आजोबांचा अर्थ मूळ वाटतो. ऑस्टिनलाही हे ठाऊक असावं असं मला वाटतं, कारण तिनं या प्रसंगात हेन्रीची बहीण शेजारी ठेवली आहे आणि ती त्याला चांगली टपली मारते.

आणि आता मला आवडणारा योग. ऑस्टिन जुलै 1817मध्ये वारली. त्या वर्षाच्या डिसेंबरात तिच्या दोन कादंबऱ्या एकत्र, चार खंडांत छापल्या गेल्या: 'नॉर्थँगर अ‍ॅबी' आणि 'पर्सुएजन'. पहिलीत हेन्री नव्या अर्थाची थट्टा करतो. दुसरीत मिस्टर एलियट नायिकेला, अ‍ॅनला, सांगतो की चांगल्या मंडळींत वावरायला कुळ, शिक्षण आणि रीतभात एवढंच लागतं, आणि शिक्षणाच्या बाबतीत ही मंडळी 'नॉट व्हेरी नाइस'. म्हणजे शिक्षणाबद्दल फारशी चोखंदळ नसतात. दोन्ही अर्थ एकाच संचात, एकाच हातचे. लेखिकेला दोन्ही येत होते, वाचकांनाही येत होते, आणि कुठे कोणता घ्यायचा हे शेजारचे शब्द सांगत होते. 'चोखंदळ' इथे किती चपखल बसतो बघा. इंग्रजीला आता यासाठी फस्सी किंवा पर्टिक्युलर म्हणावं लागतं आणि दोन्हींत थोडी कटकट ऐकू येते. आपल्या चोखंदळमध्ये कौतुक आणि कुरकुर दोन्ही अजून एकत्र नांदतात, जुन्या नाइससारखी.

पुढे 1926मध्ये फाउलरनं इंग्रजी वापरावरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात नाइसची हालत बायकांच्या माथी मारली. बायकांच्या अतिलाडानं या शब्दाचं व्यक्तिमत्त्व गेलं आणि तो नुसता सौम्य, संदिग्ध प्रसन्नता फवारणारा उरला, असं त्याचं म्हणणं. पुस्तक मोठं आहे, माझ्या हाताशी असतं, पण हा परिच्छेद मला मान्य नाही. शब्दाचा अर्थ सैल होणं हे कुणा एका गटाचं कर्तृत्व नसतं. ग्रँड, फाइन, लव्हली, ग्रेट हे सगळे त्याच वाटेनं गेले, आणि ते सगळे काही बायकांनी नेले नाहीत.

शाळेत निबंध शिकवताना 'नाइस लिहू नका' असं सांगतात तेही मला अर्धवटच पटतं. वर्णन करायचं असेल तेव्हा नाइस कामाचं नाही, हे खरं. पण प्रत्येक वेळी वर्णन करायचं नसतं. कुणी दार उघडून धरलं, कुणी निरोप आठवणीनं पोहोचवला. तेवढ्याच मापाचं कौतुक करायला भाषेला एक हलका शब्द लागतो. उदार म्हटलं तर जास्त होतं, काहीच न म्हटलं तर कमी.

आजच्या वापरात मराठी माणसाची गफलत होते ती दोन-तीन ठिकाणीच. एक, नाइस 'टु' आणि नाइस 'ऑफ'. 'शी वॉज नाइस टु मी' म्हणजे ती माझ्याशी चांगली वागली, एकंदर वागणं. 'इट वॉज नाइस ऑफ हर टु कॉल' म्हणजे तिनं फोन केला हा चांगुलपणा, त्या एका कृतीबद्दल. दुसरं, 'नाइस अँड वॉर्म'. यातला 'अँड' जोडणारा नाही. खोली छान आहे आणि उबदार आहे असं ते नाही. हवी तशी उबदार, मस्त उबदार, असं आहे. म्हणून 'नाइस अँड कोल्ड' सरबताला म्हणतात; गारठलेल्या पाहुण्याच्या खोलीला म्हटलं तर पाहुणा दुखावेल. तिसरं, नकार. 'दॅट्स नॉट व्हेरी नाइस' हे शब्दशः 'हे फार छान नाही' इतकं मिळमिळीत वाटतं, पण बोलताना ती स्पष्ट कानउघाडणी असते. आपलं 'हे काही बरं दिसत नाही' तिथे नेमकं बसतं, सुरासकट. 'अ नाइस मेस'चं मात्र काही सांगायला नको. 'छान घोळ घातलास' आपण रोज म्हणतो.

नाइस आणि काइंड यांतला फरकही इथेच सांगते. काइंड माणूस तुमच्यासाठी काहीतरी सोसतो. नाइस माणसाबरोबर वेळ बरा जातो. माणूस नाइस असून काइंड नसू शकतो, आणि उलटही. मराठीत आपण दोन्हींना 'चांगला' म्हणून टाकतो, तेव्हा अनुवादात मी काइंडला 'मायाळू', 'दयाळू' असं काहीतरी देऊन वेगळं काढते आणि नाइसला 'चांगला' सोडते.

संगणकवाल्यांनी या शब्दाचं जे केलंय तेही सुरेख आहे. युनिक्स या संगणक-प्रणालीत नाइस नावाची आज्ञा आहे. एखादं काम सुरू करताना त्याला संगणकानं किती प्राधान्य द्यायचं हे तिनं ठरवता येतं. त्याच धर्तीच्या लिनक्सवर हा आकडा उणे 20 पासून 19 पर्यंत जातो, आणि गंमत अशी की आकडा जितका मोठा तितकं काम मागे राहतं. 19 म्हणजे सर्वांत नाइस: आधी इतरांचं होऊ दे, मग माझं. साधा वापरकर्ता आपलं काम जास्त नाइस करू शकतो. उणे आकडा देऊन घुसायचं असेल तर खास अधिकार लागतात. स्वभावाचं विशेषण इथे मोजमाप झालं, आणि चांगुलपणाची व्याख्याही नेमकी झाली. जॉन्सनला हे आवडलं असतं.

आता माझ्या कामातली पद्धत, कारण विचारणारे विचारतात. जुन्या मजकुरात नाइस आला की मी त्याचा विरुद्धार्थी शब्द त्या जागी बसवून बघते. 'नाइस वुमन'च्या उलट दुष्ट बाई येते की कशालाही चालवून घेणारी? पहिली येत असेल तर चांगली, दुसरी येत असेल तर चोखंदळ. 'नाइस कॅल्क्युलेशन'च्या उलट ढोबळ हिशेब येतो, तेव्हा तो काटेकोर. 'नाइस ऑपरेशन'च्या उलट सोपी शस्त्रक्रिया येते, तेव्हा ती नाजूक. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. नाही भागलं तर बघायचं की लिहिणारा कोण, साल कोणतं, आणि त्याच माणसानं दुसरीकडे हा शब्द कुठे वापरलाय. 1750च्या आधीचा मजकूर असेल तर 'छान' हा अर्थ मी सगळ्यांत शेवटी विचारात घेते.

कायद्याच्या इंग्रजीत जुना नाइस अजून जिवंत आहे. 'अ नाइस क्वेश्चन ऑफ लॉ' किंवा 'अ नाइस पॉइंट' असं न्यायाधीश लिहितात तेव्हा ते प्रश्नाचं कौतुक करत नसतात. दोन्ही बाजूंना आधार आहे, उत्तर केसाच्या फरकावर ठरणार आहे, असं ते सांगत असतात. याचा एक मराठी अनुवाद माझ्याकडे तपासायला आला होता, त्यात 'कायद्याचा एक चांगला प्रश्न' असं होतं. मी 'चांगला' खोडून आधी 'नाजूक' लिहिलं. पण मराठीत नाजूक प्रश्न म्हटलं की भावना दुखावण्याचा वास येतो, आणि इथे भावना कुणाच्याच नव्हत्या, कलमातल्या एका स्वल्पविरामाचा वाद होता. 'गहन' जड होतं. 'क्लिष्ट' चूक होतं, कारण प्रश्न समजायला सोपाच होता, सोडवायला अवघड होता. शेवटी 'कायद्याचा बारकाव्याचा प्रश्न' असं ठेवलं आणि मजकूर परत पाठवला.